आल्फामातल्या आजींस

ती. आजींस,
सा. न. वि. वि.

लिस्बनच्या आल्फामा या जुन्या वस्तीत आम्ही तुमच्याकडे फक्त खोली भाड्याने घेतली होती. तुम्ही स्वयंपाकघरही उघडं ठेवलंत आणि मला कामाला लावलंत. आभार मानायचे आहेत ते त्याचे. हॉटेलात चांगलंचुंगलं खायला मिळालं असतं, पण हातात पातेलं कुणी दिलं नसतं.

बाकाल्याव म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा, तो नॉर्वेकडून येतो आणि त्याच्यावाचून पोर्तुगीज घराचं पान हलत नाही, एवढं मी ऐकून होते. तुम्ही तो फळीसारखा कडक तुकडा आदल्या दिवशीच पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलात आणि पाणी बदलत राहायचं काम माझ्याकडे दिलंत. दुसऱ्या दिवशी एक तंतू तोडून जिभेवर ठेवायला लावलात, मीठ कितपत उतरलंय ते कळावं म्हणून. मी मालवणची, खारं-सुकं लहानपणापासूनचं. तरी इतक्या निगुतीने मीठ उतरवताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

मग ऑलिव्ह तेलात कांदा-लसूण, त्यात बोटांनी सोडवलेला मासा, तळलेल्या बटाट्याच्या बारीक काड्या. फेटलेली अंडी ओतलीत, लगेच गॅस बंद केलात आणि 'ढवळत राहा, सुकू देऊ नकोस' हे नुसत्या हातवाऱ्यांनी सांगितलंत. अंडं जेमतेम धरलं, काड्यांना लपेटून ओलसर राहिलं. वर काळे ऑलिव्ह आणि पार्सली. बाकाल्याव आ ब्राशची ती चव अजून जिभेवर आहे.

आणि १२ जूनची रात्र! संत आंतोनियो तुमच्याच शहरात जन्मलेले, १३ जूनला त्यांच्या सणाची शहराला सुट्टी, म्हणून आदल्या रात्री आल्फामाच्या गल्लीगल्लीत कोळशावर सार्डिन भाजत होते. आमच्या तारल्यांचे भाईबंदच ते. जाडं मीठ सोडून मसाला कसलाच नाही. पावाच्या कापावर मासा ठेवून काटा हाताने कसा सोडवायचा ते तुम्ही दाखवलंत. माशाचं तेल मुरलेला तो पाव शेवटी खायचा. मला विचाराल तर खरी मेजवानी तीच.

त्या रात्री घरोघरी मांजेरिकोच्या कुंड्या होत्या, कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेल्या. आपल्या सब्जाच्या जातीचं हे रोप. त्याला थेट नाक लावायचं नसतं. तुम्ही माझ्या लेकीचा तळहात पानांवरून हलकेच फिरवलात आणि तो हुंगायला लावलात. आता ती अंगणातल्या तुळशीचा वासही तसाच घेते.

फादो, म्हणजे तुमच्याकडचं ते हुरहुर लावणारं पोर्तुगीज गाणं, ऐकायलाही तुम्हीच नेलंत. दिवे मंद झाले, ताटातले काटे-चमचे थांबले. बारा तारांची पोर्तुगीज गिटार, सोबत साधी गिटार, आणि माइकशिवाय गाणारी ती बाई. २०११ मध्ये युनेस्कोने फादोला वारशाच्या यादीत घेतलं, पण त्याचं मोल मला तुमच्या शेजारी बसून कळलं. एका कडव्याला तुम्ही डोळे पुसलेत. मी शब्दांचा अर्थ विचारला नाही, तशी गरज वाटलीच नाही.

इथे कॉड मिळणं अवघड, म्हणून खारवलेली सुरमई भिजवून तुमच्याच पद्धतीने केली. सासूबाईंनी पुन्हा मागून घेतली. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे आणि विचारलंय की काळे ऑलिव्ह नसतील तर त्याऐवजी काय घालावं. तेवढं नातीकडून कळवा.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
मालवणची पाहुणी