मागच्या भिंतीला सिमेंट लावू नका

ब्रिस्टल,
३ जुलै २०१६

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तोंडी नको, नीट लिहून पाठव, गवंड्याला वाचून दाखवतो." म्हणून हे पत्र. त्याला वाचून दाखवायचं ते मध्ये मध्ये येईल, बाकीचं आईसाठी. आधी एकच सांगते: वाड्याच्या ओल धरलेल्या मागच्या भिंतीला अजून सिमेंट लावू नका. त्याला उचल दिली असेल तर ती परसात नवी मोरी बांधण्यात जिरवा.

आम्ही हे शिकलो ते स्वतःचं घर फोडून. बेडमिन्स्टरमधलं आमचं घर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंतीला चिकटलेलं, आगगाडीच्या डब्यासारखं. एके काळी या भागात कोळशाच्या खाणी होत्या आणि विल्सचा सिगारेटचा कारखाना होता. हो, तीच विल्स. बाबा, तुम्ही चोरून ओढायचात ती! जानेवारीत घर घेतलं तेव्हा खालच्या खोलीत कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंत काळपट होती आणि कागद सुटून लोंबत होता. एका कंपनीचा माणूस आला, दोन सुयांचं यंत्र भिंतीला टोचलं, ते पीं पीं वाजलं, आणि त्यानं पाच हजार पौंडांचा आकडा लिहून दिला. भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचं आणि वरून सिमेंटचा गिलावा. आम्ही सही करायच्या बेतात होतो.

आम्हाला वाचवलं पलीकडच्या घरातल्या आजोबांनी. जन्मभर गिलाव्याचं काम केलेला माणूस, आता गुडघे गेलेत. ते म्हणाले की ते यंत्र लाकडासाठी असतं, भिंतीतल्या खारानंही ते वाजतं. मग आम्हाला हाताला धरून बाहेर नेलं आणि म्हणाले, खाली बघा. बघितलं. जुन्या घरांत तळाच्या विटांमध्ये स्लेटच्या दगडाचा एक पातळ थर असतो, जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून. आमच्या आधीच्या मालकांनी परसात फरशी घालताना जमीन त्या थराच्याही वर आणून ठेवली होती. लाकडी जमिनीखाली वारं खेळावं म्हणून ठेवलेल्या जाळीच्या विटा त्यांनी बुजवल्या होत्या. आणि बाहेरून सगळ्या भिंतीला सिमेंट! चुन्यात बांधलेली भिंत पाणी पिते आणि वारं लागलं की सोडून देते. सिमेंटनं तिचं नाक-तोंड बंद केलं. आत शिरलेलं पाणी जाणार कुठे? जिथे सिमेंट संपतं तिथे वर चढून बाहेर येतं, सोबत खार घेऊन.

बाबा, आता आपली मागची भिंत आठवा. न्हाणीघराशेजारी तुम्ही मागे एकदा गुडघ्याएवढं सिमेंट करून घेतलंत. पोपडे थांबले का? नाही, ते गुडघ्यावरून कमरेवर आले. आता कमरेपर्यंत सिमेंट कराल तर ते खांद्याला येतील.

तर मार्चपासून आमचं घर म्हणजे नुसता राडा. दारात स्किप नावाचा लोखंडी हौद, तो रस्त्यावर ठेवायचा तर नगरपालिकेचा परवाना. भिंतीवर कागदांचे सात थर निघाले, सातवा फिकट हिरवा, बारीक वेलींचा, आणि तो काढताना मला जरा वाईटच वाटलं. त्याखालच्या जुन्या गिलाव्यात जनावरांचे केस होते. आई, खरंच केस. भेगा पडू नयेत म्हणून इकडे घालायचे. आपल्याकडे ताग घालतात, गूळ-मेथी-बेलाचं पाणी घालतात, हे मी आजोबांना सांगितलं तर त्यांनी मेथी कशी दिसते ते बघायला मागितली. डबा आणून दाखवला. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले आणि त्यांचा चेहरा जो झाला तो तू बघायला हवा होतास.

स्वयंपाकघर पूर्ण उखडलंय. वरच्या झोपायच्या खोलीत एक विजेची शेगडी, तिच्यावर खिचडी आणि पिठलं, आलटून पालटून. फोडणी घातली की धुराचा भोंगा कोकलतो, म्हणून तुमचे जावईबापू आधी टॉवेल घेऊन त्याच्याखाली उभे राहतात, मग मी मोहरी टाकते. भांडी बाथटबमध्ये घासायची. (अगं, नको विचारू.)

चुन्याचा पहिला थर लागला १९ जूनला, बोटभर जाड. चुना सिमेंटसारखा रातोरात आवळत नाही. हवा पीत पीत सावकाश दगड होतो. मिलिमीटरला एक दिवस असा आजोबांचा हिशोब, म्हणजे दहा-बारा दिवस हात लावायचा नाही. फक्त तो भरकन वाळू नये म्हणून गोणपाट ओले करून टांगायचे आणि फवारा मारायचा. गोणपाट, बाबा! आपल्या अंगणात स्लॅबवर पाणी मारायचे तसे अगदी. ते काम आजोबांनी घेतलं आणि आम्हाला हाकललं. तिकिटं गेल्या ऑक्टोबरपासून खिशात होतीच, ग्लास्टनबरीची.

नाव गावाचं असलं तरी हा गाण्यांचा मेळा भरतो सोमरसेटमधल्या पिल्टनजवळच्या वर्दी फार्मवर. मायकल ईव्हिस नावाच्या गवळ्याची ही जमीन. १९७० साली त्यानं पहिला जलसा केला, एक पौंड तिकीट आणि वर शेतातलं दूध फुकट. आता तिकीट २२८ पौंड, दूध विकत, आणि गेल्या वर्षी ती सगळी अर्ध्या तासात संपली. तिकिटावर फोटो असतो, काळाबाजार चालत नाही. पाच दिवस तिथे दोन लाखांच्या आसपास माणसं असतात. वाईसारखी कित्येक गावं एका शेतात. गाई तेवढे दिवस गोठ्यात, आणि त्यांची मला खरंच दया आली.

जायलाच आठ तास लागले. एरवी घरापासून तासाभराचा रस्ता. आधीच्या पावसानं गाड्या लावायची शेतं खचली होती, आयोजकांनी निघाला नसाल तर थांबा असं कळवलं, आणि आम्ही नेमके निघालो होतो. गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. पुढच्या गाडीतल्या मुलांना दिली. त्यांनी बदल्यात बिअर दिली, ती जावईबापूंनी घेतली.

आता चिखल. चिखलाबद्दल मला बोलायचा हक्क आहे, कारण आधीचे तीन महिने मी घर उखडत आणि शेवटी चुना कालवत होते. पहिल्या दिवशी तो पिठल्यासारखा होता, पातळ, बुळबुळीत, गमबुटाला लागून ओघळून जाणारा. त्यात चालता येतं, फक्त घसरायचं नाही. शुक्रवारी दाट झाला. शनिवारी जरा वारं सुटलं, ऊन पडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिथेच खरा घात झाला. चिकणमाती अर्धवट सुकली की उकडीसारखी होते. पाय आत जातो, बूट आतच राहतो, आणि तुम्ही मोज्यावर एका पायावर उभे, दोन्ही हात पसरून, अनोळखी माणसाच्या खांद्याला धरून. माझं असं चार वेळा झालं. एकदा तर ज्याचा खांदा धरला त्याचाही बूट अडकला होता. ईव्हिस स्वतः म्हणाले की इतक्या वर्षांत असा चिखल पाहिला नाही, मग आपण काय तक्रार करायची.

संडासाबद्दल लिहीत नाही. पत्र्याच्या रांगा, वर आभाळ, खाली खोल हौद. आई, पंढरपूरला आषाढीत तू जे पाहिलंस त्यापेक्षा बरं आणि तू समजतेस त्यापेक्षा वाईट.

शुक्रवारी पहाटे पाचच्या सुमाराला शेजारच्या तंबूतून कुणीतरी मोठ्यानं शिवी हासडली आणि मग एक मुलगी रडायला लागली. फोन पाहिला. निकाल लागला होता, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर. बाबा, तुम्ही विचारलं होतंत, तुम्हाला मत होतं का? होतं. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे राहत असला तर त्याला मत असतं, म्हणून भारतीय पासपोर्टवर आम्ही दोघांनी टपालानं आधीच मत पाठवलं होतं. आमच्या पाठीमागच्या घरातली पोलंडची बाई इथे आमच्या आधीपासून राहते, तिला मात्र नव्हतं. तिच्या राहण्याबद्दल मी मत दिलं, तिनं नाही. हे मला अजून पचलेलं नाही. पौंडाचं म्हणाल तर १९८५ नंतरचा सगळ्यात खालचा भाव. शंभराच्या आसपासचा रुपयाचा दर नव्वदीच्या घरात आलाय, तेव्हा तुमच्याकडे पाठवायचे ते थोडे थांबून पाठवते.

त्या दिवशी मोठ्या पिरॅमिड मंचावर पहिला कार्यक्रम सीरियाच्या वादकांचा होता. डेमन अल्बार्न नावाच्या इथल्या गायकानं त्यांना आणलं होतं. देश सोडून कुठे कुठे पांगलेली ती माणसं पुन्हा एकत्र बसून वाजवत होती, आणि समोर चिखलात उभी हजारो माणसं नुकतीच एक दार बंद करून आलेली. रिमझिम पाऊस, ऊद आणि व्हायोलिन. बाबा, मला रमणबाग आठवली. सवाईला वाईहून एसटीनं जायचो, तुम्ही सतरंजी काखेत धरून पुढे, मी मागे झोपेत चालत. भीमसेनजी गायला बसेपर्यंत मी तुमच्या शालीत झोपलेली असायचे आणि तुम्ही बरोबर षड्ज लागला की उठवायचात. इथे बसायला जागा नव्हती, सतरंजी टाकली असती तर बुडाली असती. पण डोळे मिटून ऐकणारी माणसं तशीच असतात. फक्त इथे कुणी "वा" म्हणत नाही. मी म्हटलं. शेजारच्यानं वळून पाहिलं.

बाकी कार्यक्रमांचं फार लिहीत नाही. अडेल शनिवारी गायली, मध्ये मध्ये गप्पा मारत, भाजीवालीसारख्या मोकळ्या आवाजात, आवडली. रविवारी रात्री कोल्डप्ले, सगळ्यांच्या मनगटावर लुकलुकणाऱ्या पट्ट्या, आणि शेवटी ऐंशी वर्षांचे ईव्हिस मंचावर येऊन गायले. आवाज बेताचा. पण जमीन त्यांची, कोण काय बोलणार!

सोमवारी ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली. रात्री घरी पोचलो, आणि दमलेल्या डोक्यानं मी सगळे बूट, तंबूचा तळ, पँटी बाथटबमध्ये टाकून पाणी सोडलं. सोमरसेटची चिकणमाती, बाबा. अर्ध्या तासात नळी तुंबली. म्हणजे अंघोळीची जागा गेली आणि भांडी घासायचीही. जावईबापू काही बोलले नाहीत, फक्त पातेलं उचलून परसात नळाखाली घेऊन गेले. त्यांचं न बोलणं फार ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी नळीतून निघालेला गोळा आजोबांनी चिमटीत धरून चोळला आणि म्हणाले, उत्तम माती आहे, चूल लिंपायला चालेल. आमच्याकडे चूल नाही, स्वयंपाकघरच नाही.

भिंत मात्र छान निघाली. करडी होती ती फिकट झाली होती, नखानं दाबलं तर उमटत नव्हतं. खिडकीपाशी एक केसासारखी भेग, कारण निघायच्या गडबडीत मीच तिथे गोणपाट लावायला विसरले होते. काल दुसरा थर मारला. थापी अजून नीट चालत नाही, रंधा जरा जमतो. आणि बाहेरून आम्ही सिमेंट फोडलं तिथली वीट पहिल्यांदा कोरडी लागली, खडबडीत, ऊबदार.

आता गवंड्यासाठी, बाबा, हे मोठ्यानं वाचा. भिंतीला टेकून जो कौलांचा आणि मातीचा ढीग आहे तो आधी हलवायचा. बोळातलं पाणी भिंतीपासून लांब जाईल अशी नाली करायची. पन्हाळीची गळती बुजवायची. जुनं सिमेंट हळूहळू टाकीनं काढायचं, घण मारायचा नाही, आतल्या विटा मऊ असतात. आणि मग पावसाळाभर काहीही लावायचं नाही. उघडी राहू दे, कुरूप दिसू दे. दिवाळीनंतर भिंत वाळली की चुना. सिमेंटच्या चिमूटभर मिसळीशिवाय चुना. तो म्हणेल, "ताई इंग्लंडात बसून सांगतात." म्हणू दे. त्याच्या आजोबांनी आपला वाडा दुरुस्त केला होता ना? घाण्यावर चुना कसा मळायचे ते त्याच्या घरात कुणाला आठवत असेल तर विचारून मला कळवा, विशेषतः मेथी वाटून घालायचे की भिजवलेल्याचं नुसतं पाणी. इथले आजोबा रोज विचारतात आणि मला सांगता येत नाही.

आईचा गुडघा कसा आहे? पावसात नदीवर जाऊ नकोस. मधूच्या परीक्षेचं कळव.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, गमबुटात जाड मोजे लागतात हे तुझं खरं होतं. तू विणलेले नेले होते. एक चिखलात राहिला.