हातात दावं होतं, एवढंच

दि. २१ जानेवारी

प्रिय चिमणे,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. तुझ्या माहेरी ग्रामसुरक्षा दल काढायचं ठरलंय, दादा पुढे झालाय आणि ‘तुम्ही कसं केलंत ते त्याला लिहून दे’ म्हणतेस. फोनवर सांगितलं असतं, पण बोलताना मी सगळं हसण्यावारी नेते, तुला माहितीये. यातली एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही, म्हणून कागद घेतला. जेवणं उरकलीत, सासूबाई झोपल्यात, हे शेतातल्या पाण्याच्या मोटारीकडे गेलेत. बाराला लाइट येईल तोवर वेळ आहे.

दादाला पहिल्यांदा हे सांग की पोलीस पाटील म्हणजे पोलीस नव्हे. मला नेमणूक मिळाली तेव्हा तू ‘पाटलीणबाई’ म्हणून किती दिवस चिडवलंस! इथं तर अजून निम्म्या म्हाताऱ्यांना वाटतं की हे जुनं वतनच आहे आणि ते चुकून सुनेच्या पदरात पडलं. वतनं कधीच गेली. आता १९६७ चा ग्राम पोलीस कायदा आहे, जाहिरात निघते, लेखी परीक्षा होते, प्रांतसाहेब नेमणूक देतात. ना काठी, ना वर्दी. गावात बेवारस प्रेत सापडलं, मारामारी झाली, कोणी संशयास्पद आलं-गेलं की ठाण्याला कळवायचं, आणि तपासाला पोलीस आले की त्यांच्याबरोबर फिरायचं. २०२४ मध्ये मानधन साडेसहा हजारांचं पंधरा हजार झालं, तेव्हापासून मात्र माझ्या कामाचा हिशेब गावातला जो तो ठेवतो.

सुरुवात मोटारींपासून झाली. गेल्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवसांत नदीकाठच्या चार मोटारी गेल्या, पाच एचपीच्या. केबल तर इतकी गेली की मोजदाद सोडली. चोरटे ती ओढ्यात नेऊन जाळतात, वरचं रबर जळून गेलं की आतलं तांबं भंगारात. सकाळी ओढ्यातल्या काळ्या राखेत अर्धवट वितळलेलं वेटोळं बघितलं की पोटात कसंतरी होतं गं, शंभर-शंभर फूट केबल माणसं उसनवारी करून आणतात. मग एका रात्री मळ्यातला डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, फोडला. तेल ओतून दिलं, आतलं तांबं नेलं. नवा डीपी येईपर्यंत त्यावरच्या सगळ्यांचा कांदा पाण्यावाचून. गाव पेटलं ते तेव्हा.

ठाण्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. हद्दीत ४२ गावं आणि रात्रीच्या गस्तीला एक गाडी. ११२ ला फोन केला तर तो आधी नवी मुंबईच्या केंद्रात वाजतो, तिथून आपल्याकडच्या गाडीला निरोप येतो. चांगलं चालतं, मी दोनदा वापरलंय. पण गाडी हद्दीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर ती काही उडत येणार नाही.

मामंजी सांगतात, त्यांच्या आजोबांच्या वेळी गावाला जागल्या असायचा, रामोशी. चोरी झाली की त्यानं माग काढायचा. माग शिवेपार गेला की तो पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. माग आपल्याच शिवेत विरला तर भरपाई त्याच्या बोकांडी. गावाची झोप एका माणसाच्या जिवावर, आणि त्या बदल्यात सुगीला पसाभर धान्य. पुढे इंग्रजांनी जमातीच्या जमाती कायद्यानं गुन्हेगार ठरवल्या, १८७१ मध्ये. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण चोरी झाली की बोट अजून भटक्यांच्या पालांकडेच जातं, आमच्या गावातसुद्धा.

तर मंदिरासमोर सभा झाली. ६१ नावं आली. पोरांना टी-शर्ट छापायचे होते, पाठीवर दलाचं नाव आणि पुढच्या बाजूला सरपंचांचा फोटो. ते कसंबसं थोपवलं. २००७ मध्ये आर. आर. पाटलांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली तेव्हाचा फलक अजून चावडीच्या भिंतीला आहे, त्यातली ‘तं’ आणि ‘मु’ ही अक्षरं पडलीत. मला तसला दुसरा फलक नको होता. पहिल्या रात्री ३४ जण आले, शेकोटी, भजी, गाणी. आठव्या रात्री पाच. त्यातले दोघं पारावर घोरत होते.

दिवसभर राबून आलेला माणूस रात्री फिरणार कसा? एके दिवशी यांनी सहज म्हटलं, ‘दारं धरायला, पिकाला पाणी द्यायला, आम्ही जागेच असतो की.’ अगं, तिथंच गाडी रुळावर आली. आमच्या गावाला शेतीचे दोन फीडर, म्हणजे विजेच्या दोन लाइनी. एकाला आठवडाभर दिवसा लाइट, तेव्हा दुसऱ्याला रात्री, मग उलट. म्हणजे कुठलीही रात्र घे, निम्मं शिवार बॅटऱ्या घेऊन सऱ्यांत उभंच असतं! मी पाळ्याच लाइटच्या वेळापत्रकावर लावल्या. ज्याच्या फीडरला रात्रीची लाइट त्याची जागणूक. त्यानं फिरायचं नाही, आपल्याच बांधावर राहायचं, दर तासाला शेजारच्या बांधाकडे बॅटरी दोनदा मारायची आणि तिकडून दोनदा उत्तर घ्यायचं. उत्तर आलं नाही तर फोन. एकटा माणूस, त्यात ऊस, त्यात २०२० पासून या भागानं बिबट्याची धास्ती घेतलेली, तेव्हा ती दोनदा लुकलुकणारी बॅटरी त्यांनाही हवीच होती. गावठाणात फक्त चार पोरं, दोन-दोनच्या जोडीनं. दादाला हे नीट समजावून सांग. वेगळी गस्त काढण्याआधी गावात आधीच कोण जागं असतं ते बघ म्हणावं.

आणि दुपार विसरू नकोस. घरफोडीला रात्रच लागते असं नाही. भर बारा वाजता सगळे रानात, दाराला कुलूप, त्या वेळी ‘दागिने चमकवून देतो’ म्हणणारे येतात. ती पाळी ओट्यावरच्या म्हाताऱ्यांची. आमच्या सासूबाईंनी एकाला इतके प्रश्न विचारले (गाव कोणतं, आईचं माहेर कोणतं, लग्न झालं का, का नाही झालं) की तो पाणीसुद्धा न पिता गेला.

टोल फ्री नंबरवर बोललं की आपला आवाज गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या मोबाइलवर वाजतो, ती ग्रामसुरक्षा यंत्रणाही आम्ही घेतली. बरी आहे. पहिल्याच आठवड्यात एकानं रात्री दीडला सगळ्या गावाला उठवून ‘माझी म्हैस विणार आहे, डॉक्टरचा नंबर द्या’ म्हणून सांगितलं, ते सोड. रेडी झाली.

आता ती गोष्ट.

पहिल्या सभेत सगळे तापलेले होते, मीही. पदर खोचून उभी राहिले आणि म्हणाले, ‘कोणी सापडला तर सोडू नका.’ टाळ्या पडल्या. चिमणे, मला त्या टाळ्या आवडल्या.

तिसऱ्या आठवड्यात पहाटे दोन-अडीचला फोन. ‘वहिनी, गावलाय एक, डीपीपाशी.’ मी धाकट्या भाऊजींना घेऊन पळाले. मारुतीच्या देवळाच्या खांबाला एक माणूस बांधलेला, चाळिशीचा असेल, अंगात फाटका स्वेटर, एक कान लाल. भोवती पंधरा-वीस जण. ‘हातात दावं होतं आणि बॅटरी. जनावरं सोडायलाच आलता,’ असा पुरावा. आणि त्याला त्याच दाव्यानं बांधलेलं! तो एकच वाक्य म्हणत होता, ‘बैल हाय माझा, बैल सुटलाय.’ कोणी ऐकत नव्हतं. गावात कोणाचा बैल सुटलेला नाही हे सगळ्यांना माहीत होतं ना.

मी जवळ गेले तर पायाला काहीतरी लागलं. त्याची चप्पल. तिच्या तळाला उसाचं ओलं पाचट चिकटलेलं. मग त्याच्या हातांकडे बघितलं, बोटांवर कोयत्याचे घट्टे. ओढ्यापलीकडे ऊसतोडीची टोळी उतरली होती, बीडकडची, बैलगाड्यांची. बायको सहा महिन्यांची पोटुशी, कोपीत, म्हणजे झोपडीत, झोपलेली, म्हणून तो कोणाला न उठवता एकटाच निघाला होता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर. बैल गेला तर गाडी उभी, गाडी उभी तर हंगाम गेला.

सोडलं. सहा वाजता बैल सापडला, ज्यानं बांधलं होतं त्याच्याच ज्वारीत.

पण तोवर एका पोरानं फोटो टाकला होता, ‘चोर सापडला’. मी पुसायला लावला, त्याआधी तो तीन गावांच्या ग्रुपवर गेलेला. सकाळी आठला शेजारच्या गावाहून दोन मोटारसायकली आल्या, ‘कुठंय तो?’ विचारत. तो माणूस तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोरून मोळी घेऊन गाडीकडे चालला होता. मी काही बोलले नाही. हातपाय गार पडले होते.

तुला राईनपाडा आठवत असेल. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला गेलेले. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची आवई. पाचही जणांना ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. ते आपल्या मंगळवेढ्याकडचे होते गं. आपण हॉस्टेलातून सुट्टीला जायचो त्याच रस्त्यावरची माणसं. तेव्हा आपण फोनवर म्हणालो होतो, कसली माणसं असतील ती. त्या सकाळी मला कळलं की ती आमच्या भाऊजींसारखीच असतील. आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीडकडच्या गावांत रात्री ड्रोन दिसतात म्हणून लोक काठ्या घेऊन जागत होते, तेव्हाही असंच कोणीतरी रस्ता चुकून मध्ये येऊ शकलं असतंच की.

ठाण्याला मी सगळं कळवलं, कानाखाली मारल्यासकट. त्या माणसाला तक्रार द्यायची नव्हती, त्याला गाडी भरायची होती. ज्यानं मारलं तो आमच्या चुलत सासऱ्यांचा नातू. त्याला घेऊन मी कोपीवर गेले. पोरगा मान खाली घालून उभा, तोंडातून शब्द फुटेना. शेवटी त्या माणसाच्या बायकोनंच विचारलं, ‘च्या घेता का?’ आम्ही घेतला. माफी मागितली गेली का ते मला अजून सांगता येणार नाही.

त्या दिवशी दुसरी सभा घेतली. माझं वाक्य माझंच मी परत घेतलं, त्याला टाळ्या पडल्या नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० वाचून दाखवलं. आपल्या डोळ्यांदेखत गंभीर, म्हणजे दखलपात्र आणि अजामीनपात्र, गुन्हा घडला किंवा माणूस कोर्टानं फरार जाहीर केलेला असला तरच सामान्य माणसाला कोणाला धरता येतं, आणि धरलं की विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. हातात दावं असणं हा गुन्हा नाही. पोरं म्हणाली, मग दल कशाला? मी म्हटलं, जागायला आणि ओरडायला. शिट्टी मारा, सगळ्या बांधांवरच्या बॅटऱ्या एका जागी रोखा, गाडीचा नंबर टिपा, ११२ लावा. चोराला पळून जाऊ द्या, मोटार जागेवर राहिली म्हणजे झालं. सात जणांनी नावं काढून घेतली, ‘असल्या बायकी दलात आम्ही नाही’ म्हणून. ते गेले ते बरंच झालं, त्यातल्या दोघांना तर पहिल्यापासून कोणाला तरी धोपटायचंच होतं. फोटोबंदी केली. आणि हंगामात उतरणाऱ्या टोळ्या, मेंढरंवाले, पालं, सगळ्यांच्या एका-एका माणसाचा नंबर माझ्या वहीत आणि माझा त्यांच्याकडे. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. पण डिसेंबरात ओढ्यात बिननंबरचा टेम्पो उभा आहे, हा पहिला फोन त्या टोळीवरूनच आला. शिट्ट्या वाजल्या, टेम्पो पळाला, कापलेली केबल तिथंच टाकून.

चोर काही सापडलेले नाहीत. दिवाळीनंतर एक मोटार गेली, नाही असं नाही, अमावास्येला, आणि तीही सरपंचांच्या भावाची. त्यामुळे माझ्याबद्दल काय बोललं जातं ते तू कल्पनेनं समज.

दादाला टी-शर्ट छापू देऊ नकोस. शिट्ट्या मात्र तुमच्याकडून पाठव, इथं मिळतात त्या पोरांच्या खेळण्यातल्या, चार दिवसांत त्यातली गोटी अडकते. तीस तरी पाठव. पैसे देते.

लाइट आली बघ. मोटारीचा आवाज येतोय. पलीकडच्या बांधावरून दोनदा बॅटरी लागली, हे उत्तर देतायत का बघते.

तुझीच,
पाटलीण

ता.क. ती टोळी मार्चपर्यंत आहे. त्या बाईचे दिवस भरत आलेत. तुझ्याकडे चिंगीची लहानपणची झबली-दुपटी असतील तर शिट्ट्यांबरोबर टाक.