रतनपूरच्या अकीकाला रस्त्यावर जागा द्या

संपादक साहेब, नमस्कार.

ऑस्ट्रेलियात कूबर पेडी म्हणून ओपल या रत्नाच्या खाणींचं गाव आहे, १९१५ ला तिथे ओपल सापडला, आणि गावात शिरतानाच खांबावर चढवलेला खाणीचा जुना ब्लोअर ट्रक दिसतो, म्हणजे खाली खोदलेली माती-दगड ओढून वर काढणारं ते मशीन, त्यावरच गावाचं नाव. नवं काहीच नाही, भंगारात गेला असता तोच उभा केलाय, तरी लोक गाडी थांबवून फोटो काढतात.

आता आपल्या बडोद्याच्या एवढ्या जवळ, भरूच जिल्ह्यात झगडिया तालुक्यात रतनपूर आहे, तिथला अकीक, म्हणजे मणी करायचा दगड, हडप्पाच्या काळापासून निघतोय. खड्ड्यातून काढलेला मळकट पिवळा दगड, तो उन्हात वाळवायचा, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा की आतल्या लोहामुळे लालबुंद होतो, आणि मग खंभातला कारागीर त्याला घासून भोक पाडून मणी करतो. इराकमधल्या ऊरच्या राजेशाही थडग्यांत जे लाल मणी मिळाले त्यातले बरेच इकडूनच गेले असं जाणकार मानतात. आणि भरूचकडून राजपीपळामार्गे स्टॅच्यू ऑफ युनिटीला जाणाऱ्यांना यातलं काय दिसतं? हॉटेलांचे बोर्ड!

खर्चिक पुतळा नकोच (ते आपल्याकडे पुष्कळ झालेत). राजपारडीजवळ रस्त्याकडेला एक मोठा कच्चा दगड, शेजारी भाजलेला, आणि गुजराती-मराठी-हिंदीत चार ओळी. आणि बाजूला गाडी लावायला जागा ठेवा म्हणजे झालं.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा