मावशी, त्या दिवशी तुम्ही वाट अडवलीत

मावशी, नमस्कार.

हे पत्र तुमच्या गावातल्या अंगणवाडीच्या ताई तुम्हाला वाचून दाखवतील, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय. पण ते चार लोकांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून उघडच लिहितेय. तुमचं नाव, गावाचं नाव मुद्दाम टाळलंय. धबधब्याचा पत्ता एकदा बाहेर फुटला की काय होतं ते चिखलदऱ्याच्या आजूबाजूला दर पावसाळ्यात दिसतं. तुमच्या वावराच्या धुऱ्यावर बाटल्यांचा खच पडायला नको. बाकीच्यांना एवढं पुरे की जागा गाविलगडच्या डोंगरात आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याबाहेर, आणि दरीत उतरून परत वर यायला धडधाकट माणसाचा अख्खा दिवस जातो.

आम्ही दर्यापूरकडचे. पूर्णेच्या खोऱ्यात नजर जाईल तिथवर सपाट काळी जमीन, समुद्रसपाटीपासून ३०० मीटरही नाही. आभाळ स्वच्छ असलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, आणि त्या रेघेवर चिखलदऱ्याचं पठार ११०० मीटरच्या आसपास. माझ्या लेकीला धबधबा वरून नाही, खाली कुंडाजवळ उभं राहून पाहायचा होता. पुढच्या वर्षी तिची दहावी, म्हणून या श्रावणातच जायचं ठरलं. मी, माझे मिस्टर, लेक आणि नणंदबाई.

सकाळी वाटेत तुमचं वावर लागलं. तुम्ही कुटकीचं पीक निंदत होत्या. रस्ता विचारला, तेव्हा तुम्ही आधी आमच्या पायांकडे पाहिलं, कोणाच्या पायात काय आहे ते. मग विळ्यानं दिशा दाखवली आणि परत खाली वाकलात. तुमच्याशी तेवढंच बोलणं झालं होतं. म्हणून दुपारी तुम्ही आमच्यामागे दरीत उतरलात, हे अजूनही आठवलं की मला भरून येतं.

उतार अवघड होता. सागाची पानं कुजून निसरडी झालेली, खाली सुटे दगड, आणि वाट एकदा नाला ओलांडून पलीकडे जाते, तिथून कड्याच्या पायथ्याशी पुन्हा अलीकडे येऊन कुंडाशी पोचते. पहिल्यांदा ओलांडला तेव्हा पाणी पोटरीपर्यंत होतं आणि इतकं नितळ की दगडाखाली सरकणारा खेकडा लेकीनं वाकून पाहिला. दुसऱ्या ठिकाणी पोचलो. समोर धबधबा, अंगावर तुषार, डोक्यावर निळं आभाळ. लेकीनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मागून तुमची हाक आली.

तुम्ही धापा टाकत आलात आणि सरळ उतारावर, जिथून पाण्यात पाय घालायचा तिथेच, बसकण मारलीत. "आता कोनी उतराचं नाई. पानी येऊन राह्यलं."

मिस्टर म्हणाले, "मावशी, ऊन पडलंय की."

"तुमच्या डोक्यावर ऊन हाय. वर काळं झालं."

दरीत उभ्या माणसाला आभाळाचा एक तुकडाच दिसतो. तुमच्या वावरातून अख्खं पठार दिसतं. ते काळं झालेलं पाहून तुम्ही निंदण टाकून निघालात. मी शाळेत भूगोल शिकवते. दख्खनच्या लाव्ह्याचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, पठारावर जागोजागी काळा पाषाण उघडा, वर मातीचा पातळ थर. पावसाचं पाणी मुरायला जागाच नसते, ते लगेच नाल्याला लागतं. पुस्तकात हे एका परिच्छेदात येतं. तुम्ही ते माझ्या लेकीला कसं दाखवलंत, ते मात्र मी आयुष्यभर वर्गात सांगणार आहे.

तिचा हिरमोड झाला होता. तुम्ही तिला रागावला नाहीत, घाबरवलंही नाही. एक काडी तोडून पाण्याच्या कडेला, अगदी ओल्या वाळूच्या रेघेवर रोवलीत आणि म्हणालात, "हे पाह्य. बोलू नको." आधी फेसाचे पुंजके आले. मग वाळकी पानं, काड्याकुड्या. मग पाण्याचा रंग बदलला, दूध घातलेल्या चहासारखा. काडीच्या बुडाशी पाणी, मग अर्ध्यावर, आणि मग काडी दिसेनाशी झाली. सगळं आमच्या डोळ्यांसमोर. तेव्हा तुम्ही लेकीचा हात धरून तिला मागच्या खडकावर बसवलंत आणि कानाकडे बोट दाखवलंत. पाण्याच्या तळाशी दगड गडगडत होते. तो आवाज सिनेमात ऐकू येतो तसा मोठा नसतो. पायाखालच्या खडकातून आधी जाणवतो, मग ऐकू येतो.

ज्या खडकावर बसून लेक डबा खाणार होती, तो त्यानंतर दिसलाच नाही.

माझ्या ध्यानात एक गोष्ट घरी आल्यावर आली, आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच. परतीच्या वाटेवरची नाला ओलांडायची पहिली जागाही आता बंद झाली होती. म्हणजे तुम्ही तो नाला ओलांडून आमच्या बाजूला आलात, तेव्हा आपल्यालाही परत जाता येणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. पलीकडच्या काठावरून हाका मारून भागलं असतं, असं कोणीही म्हणेल. धबधब्याच्या आवाजात ती हाक पोचली नसती, हेही तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तुम्ही पाण्यात पाय घातलात. ज्यांचं नावही माहीत नाही अशा चार माणसांसाठी.

मग ती गुरांची वाट. तिला वाट म्हणायचं ते तुम्ही पुढे होतात म्हणून. पाऊस आमच्यावरही कोसळायला लागला होता. तुम्ही रबरी चपला काढून कमरेला खोचल्या आणि अनवाणी पायांनी प्रत्येक दगड आधी दाबून पाहिलात. हलणारा असला की विळ्याच्या मुठीनं त्यावर टकटक करायच्या, म्हणजे आम्ही तिथे पाय देऊ नये. नणंदबाईंना उंचीची भीती. अर्ध्या कड्यावर त्या खाली बसल्या, डोळे मिटून. मी समजावत होते, मिस्टर समजावत होते, काही उपयोग नाही. तुम्ही परत खाली आलात, लुगड्याचा पदर त्यांच्या मनगटाला गुंडाळला, गाठ मारली आणि म्हणालात, "खाली पाहू नको बाई, माह्या पाठीकडं पाह्य." त्या उठल्या. बांबूच्या बेटात काट्याला अडकून तुमचा पदर हातभर फाटला. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत.

पठारावर आलो तरी गाव नाल्याच्या पलीकडेच. डांबरी रस्त्यावरच्या पुलावरून मोठा वळसा घालून अंधार पडता पडता तुमच्या घरी पोचलो. समोरासमोर ओळीनं उभी घरं, मधे सरळ रस्ता, कुडाच्या भिंतींतून झिरपणारा धूर. तुम्ही चुलीशी आमचे ओले मोजे टांगले, कोरा चहा दिला, मक्याची भाकर आणि लाल मिरचीची चटणी वाढलीत. लेकीनं भाकर मागून मागून खाल्ली.

आमच्या भागात मेळघाट म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, वाघ आणि कुपोषण. १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून एक, आणि वर्तमानपत्रांतून येते ती दुसरी. आम्ही शाळेत दर वर्षी मेळघाटासाठी जुने कपडे गोळा करतो. यापुढे ते करताना मला तुमचा चेहरा दिसणार. कपडे द्यावेत, जरूर द्यावेत, पण तुमच्याकडे जे आहे ते आमच्या गावात कोणाकडेच नाही, हेही मुलांना त्याच दमात सांगायला हवं असं मला आता वाटतं.

आणि जे कोणी पावसाळ्यात या डोंगरात दरी उतरणार असतील, त्यांना हात जोडून विनंती. गावातलं एक माणूस सोबत घ्या आणि त्याला दिवसाची मजुरी द्या, ठरवून, आधी. तो रस्ता दाखवतो म्हणून नव्हे. रस्ता फोनमध्येही दिसेल, रेंज असली तर. वर काय चाललंय ते दरीत उतरल्यावर पाण्याकडे पाहून फक्त त्यालाच कळणार आहे.

तुमचं अर्ध्या दिवसाचं निंदण आमच्यामुळे बुडालं. त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. मिस्टरांनी तुमच्या हातात ठेवलेली नोट तुम्ही लेकीच्या मुठीत परत कोंबलीत. तिसऱ्यांदा आग्रह केला तेव्हा हसून म्हणालात, "होळीले या. तवा फगवा घेतो, सोडत नाई." फगवा म्हणजे होळीला हक्कानं मागून घ्यायचे पैसे.

तर मावशी, आम्ही येतोय. होळीला तुमचा मुलगाही कामावरून घरी येईल म्हणालात, त्याचीही भेट होईल. होळीला तुमच्याकडे होते ती मेघनाथाची, म्हणजे रावणाच्या मुलाची, पूजा लेकीला पाहायची आहे, तिनं आत्तापासून शाळेत सुटीचं सांगून ठेवलंय. नणंदबाईंना तुमच्यासाठी लुगडं घ्यायचंय. हे फगव्यात धरायचं नाही, फगवा वेगळा. त्यांना हिरवं आवडलंय, मला लाल. तुम्हाला कोणतं हवं ते ताईंजवळ सांगा, म्हणजे दिवाळीनंतर परतवाड्याला जाऊ तेव्हा तेच आणू.

तुमची,
दर्यापूरकडची मास्तरीणबाई