महिलांची तक्रार न घेणाऱ्या दैनिकांना शासनाच्या जाहिराती का? माहिती व जनसंपर्क मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती व जनसंपर्क मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी जिल्ह्याच्या ठिकाणाहून एका मराठी दैनिकाला बातम्या देणारी वार्ताहर आहे. वरिष्ठाकडून होणाऱ्या लैंगिक छळाची लेखी तक्रार मी केली, तेव्हा ‘तुम्ही मानधनावर आहात, आमच्या कर्मचारी नाही’ असे सांगून ती मला परत देण्यात आली. त्यानंतर माझ्या बातम्या लागणे बंद झाले आणि मानधनही थांबले. ८ मार्चला त्याच दैनिकाच्या महिला दिन पुरवणीत शासनाची जाहिरात होती आणि आपल्या छायाचित्राखाली महिलांच्या सन्मानाची ग्वाही होती. ती वाचून माझा संताप आवरला नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने हंगामी, रोजंदारीवरील, कंत्राटदारामार्फत आलेली, इतकेच नव्हे तर विनामोबदला काम करणारी महिलाही कर्मचारी मानली आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती नसेल, तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रारीची मुदत मात्र तीन महिन्यांची, सबळ कारण असल्यास आणखी तीन. आणि तालुक्यातल्या मुलीला ‘तू आमची कर्मचारीच नाहीस’ एवढे ऐकवले, की कोणाकडे जावे हे शोधण्यातच ती मुदत उलटते. दंड कोण करणार? जाब विचारणारी दैनिकेच इथे आरोपी आहेत, आणि त्यांना दुखवण्याची तयारी कोणत्याही सरकारची नसते.

१९९४ साली या राज्याने महिला धोरण आणले, २०२४ मध्ये चौथे आले. धोरणे वाढत गेली, वृत्तदालनातली सत्ता हलली नाही. १८७७ साली सुरू झालेल्या, सत्यशोधक चळवळीच्या ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचे संपादन पतीच्या निधनानंतर तानूबाई बिर्जे यांनी केले, त्या परंपरेच्या राज्यात आज बहुजन घरातली मुलगी संपादकाच्या खुर्चीत किती ठिकाणी दिसते? ऑक्सफॅम इंडिया ही संस्था आणि न्यूजलाँड्री हे वृत्तसंकेतस्थळ यांच्या २०१९च्या अभ्यासात देशातील माध्यमांमधील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते, अनुसूचित जाती-जमातींचे कोणीही नव्हते. वरची सारी माणसे एकमेकांच्या ओळखीची असतात, तेव्हा खालून आलेली तक्रार कोणाला खरी वाटणार?

शासनमान्य जाहिरात यादीसाठी आपण दैनिकांकडून खपाचा पुरावा घेता. त्याच अर्जासोबत अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे, तिचा वार्षिक अहवाल आणि मानधनावरील महिलांची संख्या मागा; ती न देणाऱ्यांच्या जाहिराती थांबवा. जाहिरातींचे पुढचे देयक मंजूर करण्यापूर्वी आपण ही अट घालणार आहात की नाही, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

आपली,
एक महिला वार्ताहर