आधी पाय रिकामा करा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, मनगटाची सूज उतरली का? पायरीवर पाय घसरला, असं तू सांगितलंस. पायरी कोरडी होती आणि तोल गेला, हे बाबांनी मागाहून हळूच सांगितलं.

इथे सिंगापुरात आमच्या इमारतीखाली सकाळी सातला म्हाताऱ्या मंडळींची ताई-ची, म्हणजे संथ हालचालींची चिनी कसरत, चालते. चार महिने झाले, मीही जाते. सगळ्यांत लहान मी आणि सगळ्यांत कच्चीही मीच. बाबा, व्हिडिओ बघून तुम्ही म्हणालात, "ही कसली मारामारी? हवेला गोंजारताय नुसते." कोल्हापूरच्या तालमीत घुमलेल्या माणसाला तसं वाटणारच. पण ही मुळात मारामारीच. समोरच्याचा जोर अंगावर घ्यायचा नाही, वळवून लावायचा. आम्ही करतो तो चोवीस हालचालींचा सोपा संच चीनमध्ये 1956 साली बसवला. पाच-सहा मिनिटांत संपतो, पण मांड्या भरून येतात.

सगळी गंमत पायांत आहे. गुडघे किंचित वाकलेले. जो पाय उचलायचा तो आधी 'रिकामा' करायचा. सगळं वजन दुसऱ्या पायावर न्यायचं, इतकं की याच्याखालचा कागद कुणी अलगद ओढून न्यावा. मग टाच टेकवायची, जमिनीचा अंदाज घ्यायचा आणि मगच वजन सोडायचं. माझ्या शेजारच्या ऐंशीच्या आजी लिफ्टजवळच्या ओल्या फरशीवरही तशाच चालतात. आपण पाऊल टाकतो त्याच क्षणी वजनही टाकून मोकळे होतो.

2012 साली अमेरिकेत कंपवाताच्या 195 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे ताई-ची करणारे लोक नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा कमी वेळा पडले. तुम्हा दोघांना तर देवदयेने कंपवातही नाही.

बाबा, तुमच्या गुडघ्यांना आता बैठका नकोत, ह्यावर वाद घालू नका. आई, बीपीची गोळी नुकतीच बदलली आहे. उठताना चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना सांग.

तोवर एवढंच करा. स्वयंपाकघरात ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. चप्पल नको, मोजेही नकोत. किती आकडे झाले ते रविवारी फोनवर सांगा. बाबांचे आकडे आई, तूच मोज. ते वाढवून सांगतात.

तुमची,
ताई