खुर्चीच्या दांड्याला कटर लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलीची ऑफिसची खुर्ची परवा भंगारात दिली. दुकानातला पोरगा तिच्या मधल्या दांड्याला कटर लावणार, तेवढ्यात मी ओरडलो. वर-खाली होणाऱ्या खुर्चीच्या त्या नळकांड्यात दाबाखालचा नायट्रोजन असतो. कापलं, भोक पाडलं किंवा तापवलं, तर ते फुटून तुकडे अंगावर येतात. पोरगा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा, डोळ्याला चष्मासुद्धा नाही.

आयुष्यभर फिटरचं काम केलं, म्हणून सांगतो. दांडा कापावा लागतच नाही. तो स्क्रूने बसवलेला नसतो, निमुळता असल्यामुळे वजनाने घट्ट रुतलेला असतो. खुर्ची उलटी करा. चाकं ओढली की निघतात. सीटखालचे बोल्ट ॲलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने, सोडवा. मग दांड्याच्या कडेला तेल सोडून तासभर थांबा आणि पाईप पान्याने पिळा. करकर आवाज करत सुटतो. मग लोखंड, प्लॅस्टिक, फोम वेगळं करा, पण नळकांडं अख्खंच द्या आणि त्यावर खडूने ‘गॅस’ लिहा.

भंगारवाल्यांपर्यंत हे पोचावं म्हणून आपण ठळक छापावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त फिटर, चिंचवड